अखाद्य तेलबिया उद्योग : बार्शी व सोलापूर परिसर

ज्या वनस्पतींच्या बियांतील तेल कडवटपणा, उग्र वास अथवा विषारी घटक यांमुळे खाण्यासाठी वापरीत नाहीत, त्या बियांना अखाद्य तेलबिया म्हणतात. कडुनिंब, करंज, एरंड, मोगली एरंड (चंद्रजोत), उंडी, कुसुम, कडू कवठी, हिंगण इत्यादींचा यांत समावेश होतो. दिव्याचे तेल, वंगण, चामडे मऊ करण्याचे तेल, औषध, साबण, खत व कीटकनाशक आणि अलीकडे डीझेलला पूरक इंधन अशा क्रमाने या बियांचे उपयोग वाढत गेले. ‘अखाद्य’ ही संज्ञा सापेक्ष आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. मोहाचे तेल शहरात साबणाचा कच्चा माल समजले जाते, तर अनेक आदिवासी भागांत ते स्वयंपाकात वापरतात. सरकीतील गॉसिपॉल हे विषारी रंगद्रव्य शुद्धीकरणाने काढून टाकण्याची रीत रूढ होईपर्यंत सरकीचे तेलही खाण्यायोग्य मानले जात नव्हते. जवसाचे तेल तर एकाच वेळी चटणीचे व रंगाचे आहे.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी हे गाव या उद्योगाच्या इतिहासाकडे पाहण्यास सोयीचे ठिकाण आहे. बालाघाटच्या डोंगररांगांच्या पायथ्याशी, पूर्वीच्या निजामी मुलखाच्या सीमेवर वसलेले हे गाव भगवंताच्या मंदिरासाठी जसे प्रसिद्ध आहे, तसेच ते एकोणिसाव्या शतकापासून कापूस व तेलबियांची मोठी पेठ म्हणूनही ओळखले जाते. येथील नगरपालिका १८६५ मध्ये स्थापन झाली. मराठवाड्यातील माल बैलगाड्यांनी बार्शीच्या पेठेत येई व येथून मुंबईकडे जाई. परिसर कमी व अनिश्चित पावसाचा असून रब्बी ज्वारी व करडई ही येथील जुनी पिके होत. शेताच्या बांधावर एरंड, गावठाणात व रस्त्याच्या कडेला कडुनिंब, ओढ्याकाठी करंज हे दृश्य या भागात सर्वत्र आढळते. ही झाडे कोणी मुद्दाम पीक म्हणून लावलेली नसत. त्यामुळे त्यांच्या बियांना मालक नव्हता आणि बहुतेक वेळा भावही नव्हता. पुढील सर्व इतिहासात ही गोष्ट निर्णायक ठरलेली दिसते.

पूर्वपरंपरा : रॉकेल येण्यापूर्वी ग्रामीण महाराष्ट्रात दिव्यासाठी करडई, एरंड व करंज यांची तेले वापरीत. कोकणात उंडीचे तेल दिव्यात जाळीत. एरंडेल मंद व स्वच्छ जळते आणि त्याची काजळी कमी धरते. म्हणून एकोणिसाव्या शतकात भारतातील रेल्वेगाड्यांच्या दिव्यांतही ते वापरले जाई. गाडीच्या आसाला वंगण, मोटेच्या चामड्याला मऊपणा, जनावरांच्या अंगावरील गोचीड व खरूज यांवर उपाय, अशा गरजा याच तेलांनी भागत. करडईच्या बियांपासून एक वेगळाच पदार्थ करीत. बी मडक्यात भरून, मडके उलटे ठेवून वरून आच देत. त्यातून खाली गळणारे काळे, चिकट तेल खाण्याच्या उपयोगाचे नसे, पण पाण्यात सतत भिजणारे विहिरीचे दोर व चामडे त्यामुळे कुजत नसत. एकाच बियांपासून खाद्य व औद्योगिक अशी दोन तेले काढण्याचे हे जुने उदाहरण होय.

तेल काढण्याचे काम तेली समाज करी; सोलापूरकडे त्यांत लिंगायत तेल्यांचे प्रमाण बरेच होते. उखळ, त्यात फिरणारी लाट व ती फिरविणारा डोळ्यांवर झापड बांधलेला बैल, एवढीच घाण्याची सामग्री असे. घाण्याच्या पेंडीत १० ते १२ टक्क्यांपर्यंत तेल शिल्लक राही. ही उधळपट्टी आहे, असे यंत्रयुगात म्हटले गेले. तथापि करडईच्या पेंडीतील तेल जनावराच्या पोटात व एरंडीच्या पेंडीतील तेल शेतात जात असे, त्यामुळे ते गावाबाहेर जात नव्हते.

रेल्वे व निर्यात : ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबई-मद्रास मार्ग बार्शीपासून काही अंतरावरून गेला व त्यावरील स्थानकाला बार्सी रोड (आताचे कुर्डुवाडी) असे नाव मिळाले. तेथपर्यंत माल बैलगाड्यांनीच न्यावा लागे. ही अडचण एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने हेरली. त्याच्या प्रयत्नांतून लंडनमध्ये १८९५ साली बार्सी लाइट रेल्वे कंपनी नोंदली गेली आणि १८९७ मध्ये बार्सी रोड ते बार्शी हा सु. ३४ किमी. लांबीचा, ७६२ मिमी. रुंदीचा अरुंदमापी मार्ग सुरू झाला. तो १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर व १९२७ मध्ये मिरज येथपर्यंत वाढविण्यात आला. पंढरीच्या वारकऱ्यांची गाडी म्हणून तिची आठवण लोकांत टिकून आहे. पण तिच्या उत्पन्नात कापूस, धान्य व तेलबिया यांच्या वाहतुकीचाही मोठा वाटा होता. १ जानेवारी १९५४ पासून ही रेल्वे सरकारच्या मालकीची झाली व २००८ मध्ये बार्शी रुंदमापी मार्गावर आली.

या रेल्वेच्या काळात देशातील तेलबिया व्यापाराचे स्वरूप आधीच पालटले होते. जवस व एरंडी यांचे बी मुंबई बंदरातून यूरोपात जाई. मार्सेल्ससारख्या ठिकाणी त्यांचे गाळप होऊन तेल साबण व रंग यांच्या कारखान्यांत वापरले जाई आणि पेंड तिकडच्या गुरांना व शेतांना मिळे. भारतातून बी निर्यात होते, म्हणजे तेलाबरोबर पेंडही जाते व जमिनीचा कस परदेशी जातो, हा आक्षेप त्या काळी अनेकांनी घेतला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यात १८९० साली भरविलेल्या औद्योगिक परिषदेच्या काळापासून कच्चा माल देशातच पक्का करावा, हा विचार महाराष्ट्रात मूळ धरू लागला. दुसरीकडे, ज्या रेल्वेमार्गांनी बी बाहेर जाई त्याच मार्गांनी रॉकेलचे डबे खेड्यांपर्यंत पोहोचले. स्वस्त व प्रखर प्रकाशापुढे करंजाचा दिवा टिकला नाही. करंजाचे बी झाडाखालीच पडून राहू लागले.

साबण व स्वदेशी : अखाद्य तेलांना औद्योगिक मागणी मिळाली ती मुख्यतः साबणामुळे. आर्देशीर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास मुंबईत प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पतिज तेलांपासून साबण तयार करण्यास सुरुवात केली. कलकत्ता केमिकल कंपनीने कडुनिंबाच्या तेलाचा ‘मार्गो’ साबण बाजारात आणला. चरबीचा साबण न वापरणाऱ्या हिंदू, जैन व मुसलमान ग्राहकांच्या दृष्टीने या साबणांना स्वदेशीपणाखेरीज आणखी एक महत्त्व होते. एरंडेलावर गंधकाम्लाची क्रिया करून मिळणारे ‘टर्की रेड ऑइल’ कापडाच्या रंगाईत लागे. सोलापूरसारख्या कापड गिरण्यांच्या गावाला या तेलाची ओळख त्या वाटेने झाली. पहिल्या महायुद्धात विमानांच्या फिरत्या एंजिनांना एरंडेलाचे वंगण लागत असल्यामुळे एरंडीला काही काळ युद्धसाहित्याचे मोल आले होते.

या विषयाकडे ग्रामीण अर्थकारणाच्या दृष्टीने प्रथम पद्धतशीरपणे पाहिले गेले ते वर्ध्यास. महात्मा गांधींच्या प्रेरणेने डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व त्याचे केंद्र मगनवाडी येथे सुरू झाले. जे. सी. कुमारप्पा यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे झव्हेरभाई पटेल यांनी सुधारलेला ‘मगनवाडी घाणा’ तयार केला. त्याच केंद्रात रॉकेलऐवजी वनस्पतिज तेलावर जळणारा ‘मगनदीप’ हा कंदील तयार करण्यात आला. घट्ट तेल वातीतून वर चढत नाही, ही त्यातील मुख्य अडचण होती; पुढे डीझेल एंजिनात जी अडचण आली, तीच ही होय. दुसऱ्या महायुद्धात रॉकेलची टंचाई झाली, तेव्हा अशा दिव्यांना महत्त्व आले. टंचाई संपताच ते ओसरले. अखाद्य तेलांच्या इंधनविषयक इतिहासात हा प्रकार पुनःपुन्हा घडलेला आढळतो.

खादी व ग्रामोद्योग आयोगाने (स्थापना १९५७) अखाद्य तेले व साबण यांसाठी स्वतंत्र विभाग ठेवला. हेतू दुहेरी होता : साबणाकडे जाणारे खाद्य तेल वाचवावे आणि वाया जाणाऱ्या बियांच्या गोळाबेरजेतून भूमिहीन कुटुंबांना हंगामी मजुरी मिळावी. आयोगाच्या वतीने सी. एम. केतकर यांनी कडुनिंबाच्या उपयोगांसंबंधी केलेले काम १९७६ मध्ये अहवालरूपाने प्रसिद्ध झाले. फळ पडल्यापासून तेल व पेंड होईपर्यंतच्या प्रत्येक टप्प्याचा विचार त्यांनी केला होता. त्या काळात प्रचलित झालेला एक हिशेब आजही उपयुक्त आहे. पूर्ण वाढलेल्या कडुनिंबापासून वर्षाला सु. ५० किग्रॅ. फळे मिळाली, तर त्यांतून ३० किग्रॅ. बी, ६ किग्रॅ. तेल व २४ किग्रॅ. पेंड मिळते. पाच अश्वशक्तीचे तेल-एंजिन ६ किग्रॅ. तेलावर पाच-सहा तास चालेल. म्हणजे एका झाडाच्या वर्षभराच्या तेलावर विहिरीवरील एका पाळीचे पाणीसुद्धा पुरते निघणार नाही. उलट २४ किग्रॅ. पेंड जमिनीला नायट्रोजन देते व वाळवीस आळा घालते. इंधनाच्या मोठमोठ्या योजना आखणाऱ्यांनी हा साधा हिशेब आधी मांडला असता, तर पुष्कळ निराशा टळली असती.

बी गोळा करण्याचा प्रश्न : तेलाचा दर्जा कारखान्यात नव्हे, तर झाडाखाली ठरतो. सोलापूर भागात निंबोळ्या पिकून पडतात त्या पावसाळ्याच्या तोंडाशी. भिजलेला गर आंबतो, बियांवर बुरशी येते व तेलातील मुक्त वसाम्लांचे प्रमाण वाढते. त्याच दिवसांत पेरणीची घाई असल्याने मजुरी करणाऱ्या स्त्रिया शेतात गुंतलेल्या असतात. करंजाच्या शेंगा मात्र उन्हाळ्यात, हाताला काम नसताना, कोरड्या मिळतात. त्यामुळे तेलाची प्रत सारखी धरली, तरी गोळा करण्याच्या दृष्टीने करंज अधिक सोयीचा ठरतो. एरंड पेरता येत असल्यामुळे त्याचा प्रश्न वेगळा आहे. तो व्यापारी पीक बनला व त्याचे केंद्र गुजरातेत गेले.

बियांतील तेलाचे प्रमाण जातीनुसार बदलते. करंजाच्या बियांत ते सु. २७ ते ३९ टक्के, एरंडीत ४५ ते ५५ टक्के, चंद्रज्योतीच्या (मोगली एरंडाच्या) बियांत ३० ते ३५ टक्के व उंडीच्या मगजात ६० टक्क्यांहून अधिक असते. करंजाच्या तेलातील करंजिन, एरंडीच्या पेंडीतील रिसिन व चंद्रज्योतीतील फॉर्बॉल एस्टरे यांमुळे ही पेंड जनावरांना चालत नाही. यांत्रिक दाबयंत्राने (एक्सपेलरने) काढलेल्या पेंडीत ६ ते ८ टक्के व हेक्झेन या विद्रावकाने निष्कर्षण केल्यास एक टक्क्याहून कमी तेल राहते. लहान गावात हेक्झेनचे संयंत्र आगीच्या धोक्यामुळे व भांडवलामुळे परवडत नाही. म्हणून बार्शीसारख्या पेठेच्या गावाचे महत्त्व राहते. गाळप तेथे व्हावे आणि पेंड गाडीच्या परतीच्या फेरीत खेड्यात जावी, ही जुनी रचना अर्थदृष्ट्या शहाणपणाची होती.

इंधन : १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात एक डीझेल एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते. भारतात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वनस्पतिज तेलांवर डीझेल एंजिने चालविण्याचे प्रयोग झाले व त्यांचे निष्कर्ष १९४२ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि कच्च्या तेलाची श्यानता डीझेलच्या सु. दहापट असते. त्यामुळे फवारा नीट उडत नाही, तोट्यांवर कार्बनाचे थर साचतात व वंगण घट्ट होते. पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्ससारख्या (स्थापना १९४६) कंपन्यांची एंजिने दुष्काळी भागातील विहिरींवर पसरल्यानंतर ‘गावच्या तेलावर गावचे एंजिन’ ही कल्पना आकर्षक वाटू लागली. परंतु ही अडचण दूर झाल्याशिवाय ती व्यवहारात येणे शक्य नव्हते.

तोडगा रसायनशास्त्राने दिला. जी. शाव्हान या बेल्जियन संशोधकाने १९३७ मध्ये पाम तेलापासून एथिल एस्टरे तयार करून त्यांचा इंधन म्हणून वापर करण्याचे एकस्व घेतले. आजच्या पद्धतीत तेलात मिथिल अल्कोहॉल व अल्प सोडियम वा पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळून ते सु. ६० ते ६५ °से. तापमानास ढवळतात. १०० किग्रॅ. तेलास सु. ११ किग्रॅ. अल्कोहॉल खर्ची पडून जवळजवळ १०० किग्रॅ. एस्टर (जैव डीझेल) व सु. १० किग्रॅ. ग्लिसरीन मिळते. मुक्त वसाम्ले दोन टक्क्यांच्या वर गेली, तर एस्टराऐवजी साबणच तयार होऊ लागतो. अशा तेलावर आधी गंधकाम्लाच्या साहाय्याने प्रक्रिया करावी लागते व खर्च वाढतो. पावसात भिजलेली निंबोळी येथे पुन्हा आड येते. शुद्ध जैव डीझेलसाठी भारतीय मानक आयएस १५६०७ हे २००५ मध्ये निश्चित झाले.

चंद्रज्योतीचा प्रयोग : महाराष्ट्रात नाशिक येथे १९८६ पासून विनायकराव पाटील यांच्या पुढाकाराने कृषिवानिकी संघाने चंद्रज्योतीची लागवड हाती घेतली. अनेक जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी ती केली; उत्पन्न मात्र अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी आले. हा अनुभव जमेस असताना नियोजन आयोगाच्या समितीने एप्रिल २००३ मध्ये सादर केलेल्या अहवालात हेक्टरी २,५०० झाडे, झाडामागे दीड किग्रॅ. बी, म्हणजे हेक्टरी पावणेचार टन बी, असा हिशेब धरला. पडीक जमीन, पाण्याची गरज नाही, जनावर तोंड लावत नाही, अशी या झाडाची ख्याती पसरली. झाड पाण्यावाचून जगते हे खरे आहे; पण जगणे आणि फळणे यांत फरक असतो, हे कोरडवाहू शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. पाणी व खत नसलेल्या हलक्या जमिनीत पुष्कळ ठिकाणी हेक्टरी एक टनही बी आले नाही. शिवाय सरकारी कागदावर ‘पडीक’ असलेली जमीन गावाच्या दृष्टीने गायरान असते. तिच्यावर शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांचा उदरनिर्वाह चालतो, याचा विचार अशा हिशेबांत क्वचितच झाला.

१ जानेवारी २००६ पासून तेल कंपन्यांनी जैव डीझेल लिटरला २५ रुपये दराने घ्यावे असे ठरले. हा दर उत्पादनखर्चाहून कमी असल्यामुळे विक्रीस फारसा माल आलाच नाही. डिसेंबर २००९ च्या राष्ट्रीय धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले होते. २०१८ च्या धोरणात जैव डीझेलपुरते ते २०३० पर्यंत ५ टक्के असे खाली आणले गेले. प्रत्यक्ष मिश्रण मधल्या सर्व काळात एक टक्क्याच्या आतच राहिले. ऑगस्ट २०१९ पासून तेल कंपन्यांनी तळणातील वापरलेल्या तेलापासून केलेल्या जैव डीझेलच्या खरेदीकडे लक्ष वळविले. सोलापूर जिल्ह्यात जैव इंधन म्हणजे साखर कारखान्यांचे एथेनॉल असेच समीकरण झाले. दुष्काळी जिल्ह्याचे इंधन सर्वांत तहानलेल्या पिकातून यावे, ही विसंगती नजरेआड करण्यासारखी नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने (स्थापना १९६८) गोड ज्वारीपासून एथेनॉल व त्यावर जळणारे कंदील आणि शेगड्या यांवर केलेले काम या संदर्भात लक्षणीय आहे. करडईवरील संशोधनासाठीही ही संस्था प्रसिद्ध आहे.

इतर उत्पादने : इंधनात अपयशी ठरलेल्या बियांना अन्य उत्पादनांत मात्र टिकाऊ स्थान मिळाले. एरंडेलातील रिसिनोलेइक अम्लापासून सेबॅसिक अम्ल, हायड्रॉक्सिस्टिअरिक अम्ल, वंगणे, रंगलेप व नायलॉन-११ हे प्लॅस्टिक तयार होते. या संशोधनास मनुष्यबळ पुरविण्यात मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रविद्या विभाग (१९३३) व नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रविद्या संस्था (१९४२) यांचा मोठा वाटा आहे. कडुनिंबातील ॲझाडिरॅक्टीन हे कीटकांची वाढ रोखणारे द्रव्य १९६८ मध्ये वेगळे करण्यात आले. ५ किग्रॅ. निंबोळीचूर्ण १०० लि. पाण्यास या प्रमाणात केलेला पाच टक्के अर्क महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. कडुनिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक उपयोगावर एका अमेरिकन कंपनीने व अमेरिकन कृषी खात्याने मिळविलेले यूरोपीय एकस्व २००० मध्ये रद्द झाले आणि २००५ मध्ये अपिलातही तोच निर्णय कायम राहिला. त्या वादात पुणे व सांगली जिल्ह्यांत १९८५ व १९८६ च्या उन्हाळ्यात झालेल्या प्रत्यक्ष शेतावरील चाचण्यांचा पुरावा महत्त्वाचा ठरला होता.

२०१५ मध्ये देशात तयार होणाऱ्या सर्व यूरियास कडुनिंबाच्या तेलाचा लेप देणे सक्तीचे झाले. पेंडीमुळे जमिनीत यूरियाचे नायट्रेट होण्याचा वेग मंदावतो, हे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील प्रयोगांतून १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभीच दिसून आले होते. एक टन यूरियास अवघे अर्धा किग्रॅ.च्या आसपास तेल लागते. तथापि एकूण खपामुळे निंबोळीला देशभर मागणी निर्माण झाली. गुजरातेत एका खत कंपनीने ग्रामीण स्त्रियांकडून निंबोळी खरेदीची व्यवस्था उभारली. सोलापूर, धाराशिव व लातूर या भागांत झाडे भरपूर आहेत, गाळपाचा अनुभव आहे व रुंदमापी रेल्वेही आहे. अशा व्यवस्थेत निंबोळीचा भाव तिच्यातील ओलाव्यावर व मुक्त वसाम्लांवर ठरतो. गर धुऊन, सावलीत वाळवून, गोणपाटात भरलेली निंबोळी आणि पावसात भिजून काळी पडलेली निंबोळी यांना निरनिराळा दर मिळाला, तरच वेचणारीस ती धुण्याचे व वाळविण्याचे श्रम परवडतात.